सामाजिक मानसशास्त्राची एक जागा

निवृत्त झाल्यावर मुलाखतींची बोलावणी थांबतील असं मला वाटलं होतं. उलट ती वाढली. मुंबईतल्या एका कॉलेजात सामाजिक मानसशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि या विषयाची माणसं मुळात थोडी. त्यामुळे कुठे जागा भरायची निघाली की विषयतज्ज्ञ म्हणून माझं नाव पुढे येतं. विषयतज्ज्ञ म्हणजे निवड समितीवरचा बाहेरचा माणूस. उमेदवाराला विषय येतो की नाही, हे त्यानं सांगायचं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी आधीच ठरलेल्या नावापुढे मान डोलवणं, एवढंच त्याचं काम असतं. हे अनुभवानं कळल्यापासून मी प्रत्येक मुलाखतीला एकच गोष्ट शोधत जायचे. यांचा माणूस कोणता?

एकदा बोलावणं गावातूनच आलं. मी पनवेलची. लग्नाआधीही इथलीच आणि नंतरही इथलीच. तळोज्याच्या रस्त्याला एक खासगी विद्यापीठ निघालं आहे. काचेची इमारत, बाहेर हिरवळ, आत लिफ्टमध्येसुद्धा एसी. त्यांना सामाजिक मानसशास्त्राला सहायक प्राध्यापक हवा होता. जागा एकच. रजिस्ट्रारनी स्वतः फोन केला, फार अदबीनं बोलले, आणि गाडी पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, रिक्षानं येईन, लांब कुठे आहे. तर म्हणाले, छे छे, मी स्वतः येतो घ्यायला.

माझे यजमान तळोज्यातल्या एका केमिकल कारखान्यात केमिस्ट होते. वारा तिकडून सुटला की खिडकीशी उभं राहून कुठल्या कारखान्यानं काय सोडलं असेल याचा अंदाज बांधणं, ही त्यांची अजूनची सवय. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "रजिस्ट्रार स्वतः कशाला येतोय?"

मी म्हटलं, वयाचा मान. पण प्रश्न माझ्याही मनात आलाच होता.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी, चहा टाकला होता तेवढ्यात, अनोळखी नंबरावरून फोन आला. पुरुषाचा आवाज, मध्यमवयीन, दमदार. नाव सांगितलं नाही. म्हणाला, "मॅडम, उद्याच्या इंटरव्ह्यूला आमची पोरगी हाय. गव्हाणची. तुम्ही जरा बघा तिच्याकडं. तुम्हाला काय कमी पडू देनार नाय आम्ही."

मी म्हटलं, असले फोन मला करायचे नाहीत, आणि ठेवून दिला. मला राग आला होता. गव्हाण म्हणजे उलव्याच्या अंगाचं, उरणच्या रस्त्याकडचं गाव. त्या पट्ट्यातल्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, पैसे आले, कुणी बिल्डर झाले, कुणी पुढारी. हे सगळं आम्ही पनवेलकर डोळ्यांनी बघत आलोय. शेतावर जाणारी माणसं चार-पाच वर्षांत पांढऱ्या गाड्यांतून फिरायला लागलेली पाहिली आहेत. तेव्हा फोन ऐकताक्षणी माझ्या डोळ्यांपुढे अख्खं चित्र उभं राहिलं. पैसेवाला बाप, शिकलेली मुलगी, ट्रस्टींशी ओळख. चला, म्हटलं, यांचा माणूस कोणता हे या वेळी मुलाखतीआधीच कळलं. यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, तू फोनबद्दल कुणाला बोलू नकोस, उगाच तुझंच नाव येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्रार आले. पन्नाशीचे, गोड बोलणारे, केसांना कलप. गाडीत आधी रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलले, मग विद्यापीठाच्या मानांकनावर, आणि मग सहज स्वरात म्हणाले, "मॅडम, कुणाचा फोनबिन आला तर मनावर घेऊ नका. गव्हाणकडची एक उमेदवार आहे. घरची मंडळी जरा वजनदार आहेत. पण आपण गुणवत्तेवरच जायचं."

मला बरंच वाटलं, की निदान हा माणूस सरळ दिसतो. आवारात शिरल्यावर त्यांनी पार्किंगमधल्या एका मोठ्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही बघा, आलीच मंडळी," म्हणाले.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष म्हणून कुलगुरू, शांत, सावकाश बोलणारे गृहस्थ. रजिस्ट्रार. दुसरे विषयतज्ज्ञ नाशिकहून आलेले, माझ्याहून ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना मी नावानं ओळखत होते पण प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते. आणि मी. बोलावलेल्यांपैकी तीनच उमेदवार आले होते. त्यातला एक बरीच वर्षं तासिकांवर शिकवून थकलेला दिसत होता. प्रश्न विचारायच्या आतच त्याचा चेहरा पडला होता. खरी लढत बाकीच्या दोघांत होती.

आधी वर्गात डेमो लेक्चर, मग मुलाखत असा क्रम होता. दुसऱ्या वर्षाची मुलं बसवली होती. आम्ही मागच्या बाकांवर. त्या वर्गाचा दरवाजा अडकायचा. आम्हाला तो उघडेना, तेव्हा रजिस्ट्रारनी कडी किंचित वर उचलून ओढली आणि हसून म्हणाले, नवी इमारत, जुनी दुखणी.

पहिला उमेदवार पुण्याहून आलेला. तिशीतला, अंगावर कोट, बोलणं स्वच्छ. तो आला, कडी वर उचलून दार लोटलं, भिंतीवरच्या सात-आठ बटणांतलं नेमकं एक दाबून पडद्यावरचा दिवा मालवला आणि बोलायला लागला. विषय अनुरूपता, म्हणजे चार लोक जे करतात तेच आपण का करतो. छान शिकवलं. उदाहरणं ताजी होती, मुलं हसली, प्रश्नही चांगले विचारले गेले. जरा जास्तच चांगले. मनात काहीतरी टोचलं होतं, पण मी ते बाजूला सारलं. माझा संशय आधीच एका जागी जाऊन बसला होता, त्याला दुसरीकडे उठवायची मला गरज वाटली नाही.

मग ती आली. तिला दार उघडलं नाही. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा बाकावरच्या एका मुलीनं उठून आतून मदत केली. पस्तिशीच्या आतली, निळा सुती कुर्ता, हातात एकच जाड सोन्याची बांगडी. त्या बांगडीकडे माझं लक्ष गेलं. ती पडद्याच्या वाटेला गेलीच नाही. फळ्यावर काही न लिहिता मुलांपुढे उभी राहिली आणि म्हणाली की, मी एक प्रश्न विचारणार आहे, सगळ्यांनी डोळे मिटायचे, उत्तर हो असेल तर हात वर करायचा, कुणी कुणाकडे बघायचं नाही. मीही फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

मुलांनी डोळे मिटले. तिनं पाठ फिरवली आणि विचारलं, "आज इथे ज्याची निवड होणार, ती आधीच ठरलेली आहे, असं कुणाकुणाला वाटतं?"

मागे आम्ही चौघं डोळे उघडे ठेवून बसलो होतो. एकेक करत हात वर गेले. खिडकीजवळचे दोघं-तिघं सोडले तर सगळ्या वर्गाचे. कुलगुरूंनी चष्मा काढून पुसायला घेतला. रजिस्ट्रार हसल्यासारखं करून माझ्याकडे झुकले आणि पुटपुटले, "धाडस बघा."

तिनं हात खाली घ्यायला लावले, डोळे उघडायला सांगितले, आणि मगच वळली. म्हणाली, किती हात होते ते मी पाहिलं नाही, तुम्हीही पाहिलं नाही. फक्त मागच्या सर-मॅडमनी पाहिलं. आता प्रत्येकानं मनातल्या मनात अंदाज करा, आपल्यासारखं वाटणारे वर्गात किती असतील. मग पुढचा तास तिनं त्यावरच बोलून काढला. प्रत्येकाला आतून एक वाटत असतं, पण बाकीच्यांना तसं वाटत नसेल असं धरून तो गप्प बसतो, आणि सगळेच गप्प बसले की ते गप्प बसणंच खरं मत आहे असं सगळ्यांना वाटू लागतं. उदाहरणं तिनं वर्गातली दिली, गावच्या बैठकीतली दिली, लग्नातल्या हुंड्याची दिली. मुलं वह्या विसरून ऐकत होती.

मी इतकी वर्षं हा भाग शिकवला, पण असा कधी शिकवला नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरीही माझ्या मनात आलं ते असं: जागा ठरलेली आहे का, हे भर वर्गात विचारायची हिंमत कुणात येते? जिला माहीत असतं, ठरली आहे आणि आपल्यासाठीच ठरली आहे, तिच्यात.

मुलाखतीत मी तिला सोडलं नाही. तिचं संशोधन तिच्याच गावांतलं होतं. जमिनी गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांतला, भावाभावांतला विश्वास कसा बदलला, याविषयीचं. मी विचारलं, तुमचंच गाव, तुमचेच नातलग, तुमच्याच ओसरीवर बसून विचारलेले प्रश्न. याला अभ्यास म्हणायचं की घरच्या गप्पा?

ती जराशी थांबली आणि म्हणाली की पहिलं वर्षभर मलाही वाटायचं, मी त्यांचीच, म्हणून मला खरं सांगतात. मग लक्षात आलं की मलाच सगळ्यात कमी सांगतात, कारण आज मला सांगितलेलं उद्या माझ्या काकाच्या कानावर जाईल, ही त्यांना धास्ती. म्हणून मी माझ्या विदर्भातल्या एका मैत्रिणीला बोलावलं. तेच प्रश्न तिनं परक्या माणसासारखे विचारले. दोघींना मिळालेल्या उत्तरांत जो फरक पडला, तो माझा खरा अभ्यास.

नाशिकचे सर टेबलावर पुढे सरकले. मी मात्र मागे टेकले. इतकं तयार उत्तर, म्हटलं, आपोआप येत नाही. कुणीतरी प्रश्न आधी पुरवले असणार. मी आणखी तीन-चार कोपऱ्यांतून शिरून पाहिलं. ती प्रत्येक वेळी क्षणभर थांबायची, आणि उत्तर द्यायची. एका ठिकाणी सरळ म्हणाली, हे मला माहीत नाही. मला तेही पढवलेलंच वाटलं. माहीत नाही म्हणणारा उमेदवार प्रामाणिक दिसतो, हे आम्हीच वर्गात शिकवतो ना.

जेवणासाठी आम्ही उठलो. निर्णय जेवणानंतर करायचा होता. पानात पुलाव, पनीर, गुलाबजाम, आणि रजिस्ट्रार आग्रह करकरून वाढत होते. हात धुऊन मी बाहेर पडले, पार्किंगच्या कडेला करंजाचं एक झाड सावली धरून होतं तिथे जाऊन उभी राहिले.

ती पांढरी गाडी शेजारीच होती. दार उघडं टाकून एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात स्टीलचा डबा. मी तोंड फिरवणार होते, पण त्यांनीच विचारलं, "ताय, जेवनाची सुट्टी झाली काय आत? आमची पोरगी इंटरव्ह्यूला आलीय. सकालपासून काय खाल्लं नाय तिनं. आमाला वॉचमन आत सोडत नाय."

मी म्हटलं, सुट्टी झाली आहे, येईल ती बाहेर. मी समितीतली आहे हे सांगितलं नाही, आणि त्यांनाही ते कळलं नाही. मला कुणी नोकरदार बाई समजले असावेत.

ते म्हणाले, "तुमाला ठाव असंल तर सांगा, अजून किती येल लागंल? ती मना बोलली व्हती, बाबा तुमी येऊ नका. बाप संगं आला तर लोक बोलतील, वलख लावायला आनलाय. पन तिची स्कूटी बंद पडली. मंग आनली मीच. आमी इथंच बसलो, आत पाय नाय ठेवला."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. कारण माझ्या कानात दुसरंच वाजायला लागलं होतं. आमी. तुमी. आमाला, तुमाला. लहानपणापासून पनवेलच्या बाजारात मासळी घेताना, भाजी घेताना, नंतर कॉलेजात उरण-पनवेलकडून येणाऱ्या मुलांच्या आई-बापांशी बोलताना मी हेच ऐकत आले. या माणसांच्या बोलण्यात आम्ही-तुम्हीतला ह उरतच नाही. आणि कालचा फोनवरचा माणूस? पोरगी हाय म्हणाला, नाय म्हणाला, देनार म्हणाला. पण तुम्ही म्हणाला, तुम्हाला म्हणाला, आम्ही म्हणाला. स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. गावचं बोलणं ज्याला नकलेपुरतं येतं, पण जो घरी ते बोलत नाही, अशा माणसाचं ते बोलणं होतं.

आणि मग एकामागून एक गोष्टी सुटायला लागल्या. फोन येईल हे रजिस्ट्रारना कसं ठाऊक होतं? पुण्याहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्या दाराची कडी वर उचलायची असते हे कुणी सांगितलं? सात-आठ बटणांतलं नेमकं बटण त्याला कसं सापडलं?

मी परत वर गेले. कुलगुरूंच्या खोलीत चौघं बसलो, दार लावून घेतलं. रजिस्ट्रार म्हणाले, चला, फार वेळ लावायला नको, चित्र स्पष्ट आहे. यजमानांचा सल्ला मला आठवत होता. तरी मी म्हटलं, गुण देण्याआधी मला एक सांगायचं आहे. काल मला एका उमेदवारासाठी फोन आला होता. आणि काय शब्द होते ते जसेच्या तसे सांगितले.

नाशिकचे सर म्हणाले, "मलाही आला होता. हाच. मला वाटलं, मला एकट्यालाच आलाय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळी त्या वर्गात तिनं जे शिकवलं ते आम्ही दोघं मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसून, तोंड मिटून, करत होतो.

कुलगुरू सावकाश म्हणाले, मग त्या उमेदवाराला बाद करणं भाग आहे. मी म्हटलं, नाही, माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तो फोन तिच्या घरचा नव्हता. आणि मी कारण सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच जाणवत होतं की हे कारण कानाला जेवढं पक्कं वाटतं तेवढं टेबलावर ठेवल्यावर वाटत नाही. रजिस्ट्रार शांतपणे हसले. "मॅडम, आता गावातली पोरंही शुद्धच बोलतात. कॉलेजला जातात, टीव्ही बघतात. एका ह वरून काय ठरवणार?"

त्यात खोटं काही नव्हतं. मी दाराचं आणि बटणाचं विचारलं. तेही त्यांनी तितक्याच शांतपणे घेतलं. म्हणाले, त्यांनी इथे एक-दोन पाहुणी व्याख्यानं दिली आहेत, त्यात गैर काय? गैर काहीच नव्हतं. फक्त ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि मला फोन येईल हे तुम्हाला गाडीत कसं माहीत होतं?" मी विचारलं.

"येईल असं कुठे म्हटलं मी? आला तर, म्हटलं होतं." हे बोलताना त्यांच्या आवाजातली साखर पहिल्यांदाच ओसरलेली मला जाणवली.

मी आग्रह धरला की तिला पुन्हा आत बोलवा, मी मोकळ्या मनानं चार प्रश्न विचारते. नाशिकच्या सरांनी दुजोरा दिला. कुलगुरूंना यातलं काय ठाऊक होतं, मला आजही सांगता येणार नाही. कधी वाटतं सगळं, कधी वाटतं काहीच नाही. शेवटी ते म्हणाले की प्रक्रियेवर सावली पडली आहे, अशात कुणाचीही निवड करणं योग्य होणार नाही. कोणीही पात्र आढळलं नाही, असा शेरा मारून त्यांनी विषय संपवला. मी आणि नाशिकच्या सरांनी विरोध नोंदवला. तो नोंदवून घेतला गेला. एवढंच.

परत जाताना मी रिक्षा केली.

चार-सहा महिन्यांनी त्याच जागेची जाहिरात पुन्हा आली. या वेळी मला बोलावलं नाही, नाशिकच्या सरांनाही नाही. निवड झाली ती पुण्याच्या उमेदवाराची. तो वाईट शिक्षक नव्हता, हे मी आजही म्हणेन. कदाचित सरळ मार्गानं गेला असता तरी त्याला ती जागा मिळाली असती. फोनचं त्याला ठाऊक होतं का, हेसुद्धा मला कळायला मार्ग नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी वडाळे तलावावर सकाळी फिरत होते. समोरून ती येताना दिसली. मला आधी वाटलं योगायोग, पण ती थेट माझ्यापुढे येऊन थांबली. म्हणाली, तुम्ही इथे रोज येता असं कळलं, म्हणून आले. आम्ही कठड्यापाशी उभ्या राहिलो.

"मॅडम, मला एकच विचारायचंय. आमच्याकडे सगळे सांगतात, मुंबईच्या मॅडमनी तुझी जागा घालवली. ते खरं आहे का?"

हे तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. अंदाज होता. मी तिला सगळं सांगितलं. फोन, गाडीतलं बोलणं, कडी, बटण, बंद खोलीतलं सगळं. करंजाच्या झाडाखाली तिच्या वडिलांशी बोललेलं मात्र सांगायला जड गेलं, पण तेही सांगितलं. ती अडवत नव्हती. फोनवरचे शब्द काय होते ते मात्र तिनं मला दोनदा म्हणायला लावले.

"आमच्यात असं कुणी नाय बोलत," ती म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या तोंडी घरचं बोलणं आलं. "आमच्या बाबांना तर फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचीच लाज वाटते."

मग ती पाण्याकडे वळली. तलावात कुणीतरी पाव टाकत होतं आणि बदकं गर्दी करत होती. तिनं न वळताच विचारलं, "तो फोन आलाच नसता, तर तुम्ही मला घेतलं असतं?"

मी म्हटलं, "हो. मला वाटतं, घेतलं असतं."

"वाटतं," ती म्हणाली. रागानं नाही. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतल्या एका शब्दाखाली रेघ ओढावी तसं.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, मला ठरवता आलं नाही. ठेवला असावा, कारण मग ती जरा मोकळी बोलली. कामोठ्यात मुलांच्या शिकवण्या घेते म्हणाली, अकरावी-बारावीच्या. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात मुलाखत आहे. मी लगेच म्हटलं, संदर्भ म्हणून माझं नाव द्या. त्या भागात मला ओळखतात. तुमचं ते डेमो लेक्चर मी पाहिलंय, मनापासून लिहीन.

तिनं मान हलवली. "नको मॅडम. तुमचं नाव दिलं, की तिथले म्हणतील, हिची ओळख आहे."

ती निघाली. रस्त्यापलीकडे तीच पांढरी गाडी उभी होती, पण चालवायला ती स्वतःच बसली. वडील नव्हते.

दोन-तीन आठवड्यांनी मला तिचा मेसेज आला. निवड झाल्याचं एका ओळीत कळवलं होतं. नंबर तिनं कुठून मिळवला कोण जाणे. मी स्वयंपाकघरात जाऊन यजमानांना वाचून दाखवला. ते मटार सोलत होते. ऐकून खूश झाले, खरंच झाले, कारण त्या सगळ्या प्रकरणात ते माझ्याइतकेच गुंतले होते. चांगलं झालं, पोरीनं मिळवलं, म्हणाले. आणखी दोन शेंगा सोलल्या. मग सहज, वाईट काही मनात न आणता, त्यांनी विचारलं की तिथे तिचं कोण होतं.

मी म्हटलं, कुणी नव्हतं. ते नुसते हसले, आणि ताटातले दाणे हातानं एका बाजूला सारत राहिले.